क्लच बसला? आधी ऑईल बघा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज हातात आलेला पैसा कुठे गळतो, त्यातल्या एका भोकाबद्दल बोलू.

मागच्या वेचणीत आम्ही जुन्या डिझेल पिकअपमध्ये कापूस भरून धारूरच्या बाजाराला निघालो. वाटेत क्लचचे पेडल खाली गेले ते वर येईना. मिस्त्री म्हणाला, "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आम्ही मान डोलावली. नवी प्लेट बसली, पैसे गेले, आणि दुसऱ्या दिवशी पेडल पुन्हा तळाला! रोग वरच्या सिलिंडरच्या रबरात होता. बैलाच्या खुरात काटा, आणि आम्ही शिंग कापून घेतले.

म्हणून गाडी खोलण्याआधी चार गोष्टी बघा. हे ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचबद्दल सांगतो आहोत.

एक, पेडल तळाला जाते? डबीतले ब्रेक ऑईल बघा. कमी झाले असेल तर कुठेतरी गळती आहे. पेडलच्या मागे ओल दिसली तर मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळ दिसली तर खालचा सिलिंडर, नाहीतर पाईप.

दोन, तीन-चारदा दाबल्यावर पेडल कडक होते? लाईनमध्ये हवा शिरली आहे, ती काढा. दाबून धरलेले पेडल हळूहळू बसते आणि बाहेर थेंब नाही? मास्टरचे रबर आतून गेले.

तीन, इंजिन चालू असताना गिअर करकरतो आणि बंद केल्यावर अलगद पडतो? क्लच पुरता सुटत नाही. आधी ऑईल, हवा आणि पेडलची ढिलाई तपासा, मग प्लेटवर संशय घ्या.

चार, चढाला इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो? पेडलला ढिलाईच नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो. ढिलाई बरोबर असेल तर प्लेट झिजली असेल. तेव्हा गिअरबॉक्स उतरवायला आमची ना नाही.

डबीत इंजिन ऑईल ओतू नका, रबर फुगते. आणि बिघडलेल्या क्लचवर भरलेली गाडी घाटात घालू नका. उतारावर गिअर पडला नाही तर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

मिस्त्री आपला वैरी नाही. पण कपाशीची पाने लाल पडली म्हणून कारण न शोधता आपण पीक उपटतो का? बदललेला जुना भाग मागून घ्या, हातात धरून बघा, मगच पैसे मोजा.