माळ रिकामा नसतो

गझलेत सहरा, म्हणजे वाळवंट, फार येतो. तिथं मजनू भटकतो, धूळ उडते. पाखरू मात्र बागेतलं, बुलबुल. वाळवंटाचं स्वतःचं पाखरू आम्हा कवींना फारसं सुचलेलं नाही. आपल्या मराठवाड्याच्या आसपास वाळवंट नाही. त्याच्या जवळचं काही असेल तर ते माळरान. गेल्या मार्चमध्ये ते पाहायला आम्ही चौघे मित्र पहाटे लातूरहून निघालो. नांदेडचे एक सर आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. मुरूड, येडशी, बार्शी, वैराग करत ऊन तापायच्या आत नान्नजला पोचलो.

नान्नज सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक म्हणजे उर्दूतला तुगदर, राजस्थानातला गोडावण. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचंच नाव सुचवलं होतं; १९६३ साली मान मोराला मिळाला.

माळढोक दिसला नाही. दिसेलच असं धरून कुणी गेलंही नव्हतं. देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. पण डोंबारी चंडोल दिसला. सरळ वर चढायचा, पंख मिटून दगडासारखा खाली यायचा आणि जमिनीला टेकता टेकता पुन्हा वर. ज्यानं हे नाव ठेवलं, त्याला मी कवी मानतो. धाविक चार पावलं पळे, थांबे, वाके, पुन्हा पळे. पाणवठ्यावर पखुर्ड्या आल्या. आमच्याकडे त्यांना भटतीतर म्हणतात. पिल्लं झाली की नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी मैलोगणती उडत त्यांच्यापर्यंत नेतो. सर म्हणाले, "बघा, टँकर!" लातूरकरांना हसू आलं, पण जपूनच. २०१६ साली आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं होतं.

अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. पडीक म्हटलं की नांगर फिरतो, ऊस येतो. नाहीतर हिरवं करायचं म्हणून झाडं लावली जातात. माळढोकाच्या पायाला मागचं बोटच नाही, तो फांदीवर बसणार कसा? त्याला लागतं गवत आणि चारी बाजूंना मोकळी नजर. अभयारण्यही आधी कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, गावं-शहरं सगळी त्यात. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी येत आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघे. पुढं ते १,२२२ वर आणलं. ते बरंच झालं. मात्र उरलेल्या माळावर तरी गवताला गवत राहू द्यावं.

परतताना वैरागच्या पुढं एका फुललेल्या पळसावर भोरड्यांचा थवा कलकलत होता. चोचींना परागकण लागलेले. त्यांची निघायची वेळ जवळ आली होती. मध्य आशियातल्या गवताळ माळांवर, नाकतोडे मुबलक असतील तिथं, त्या आता घरटी करणार.