बिंदूचा वारसा



तापीतीरावरील आपल्या बऱ्हाणपुरात जी जामा मशीद आहे, तिच्या भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीने एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. फारुकी वंशातील आदिलशहाच्या कारकिर्दीतील हा लेख इ. स. १५९० चा. आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन, पुढे राजांची वंशावळ, आणि मिती दिली आहे ती संवत् व शक या दोन्ही गणनांनी. हा लेख वाचताना एक प्रश्न मनात उभा राहतो : वारसा कोणाचा? ज्याच्या घरी तो जन्मतः आला त्याचा, की ज्याने तो श्रमाने आपलासा केला त्याचा?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच प्रांतातील एका चित्रकाराच्या चरित्रात सापडते. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. नर्मदेच्या परिसरातील अरण्यात वाढलेल्या या बालकाचे चित्त शाळेत ठरत नसे. तेव्हा शिक्षक नंदलाल झारिया यांनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्यावर दृष्टी स्थिर करण्यास सांगितले. बीज पडले ते त्या वेळी. अंकुर फुटावयास मात्र अनेक दशके जावी लागली.

नागपूर व मुंबई येथे रझांचे कलाशिक्षण झाले. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रगतिशील कलावंतांच्या मंडळाचे ते एक संस्थापक होत. फाळणीनंतर त्यांचे भाऊ पाकिस्तानात गेले. रझा येथेच राहिले. १९४८ साली काश्मीरमध्ये भेटलेल्या कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यांच्या चित्रांत रचनेची उणीव असल्याचे दाखवून सेझानचा अभ्यास करण्यास सुचविले. १९५० साली रझा पॅरिसला गेले आणि १९५६ साली तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला.

कीर्ती मिळाली, पण समाधान लाभले नाही. आपल्या चित्रांत आपला देश कोठे आहे, ही रुखरुख त्यांना लागली. १९७० नंतरच्या दशकात ते वारंवार भारतात आले. अजिंठा, वेरूळ, काशी, राजस्थान त्यांनी पुन्हा पाहिले. तेव्हा कोठे, १९८० च्या सुमारास, शाळेच्या भिंतीवरील तो बिंदू त्यांच्या चित्रफलकावर अवतरला. पुढे 'माँ' या चित्रात देवनागरी अक्षरेही आली.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावयास हवा. रझांनी पूजेतील यंत्राची नक्कल केली नाही. बिंदू येथला, परंतु त्याभोवतीची रंगांची तोलून मापून केलेली बांधणी त्यांनी परदेशी गुरूंपासून कष्टाने मिळविली होती. परदेशची विद्या नसती, तर बिंदूला चित्राचे रूप लाभले नसते. आणि बिंदू नसता, तर ती विद्या परकीच राहिली असती.

तात्पर्य, वारसा म्हणजे पेटीत जपून ठेवलेले वस्त्र नव्हे. तो बालपणी पेरावा लागतो, आणि पुढे स्वतःच्या श्रमाने पुन्हा मिळवावा लागतो. सुमारे साठ वर्षांच्या फ्रान्समधील वास्तव्यानंतर रझा भारतात परतले. २०१६ साली दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे पित्याच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

पाठशाळेत आज एखादा चंचल बालक असेल. त्याच्यावर रागावण्यापूर्वी गुरुजनांनी त्या भिंतीवरील बिंदूचे स्मरण करावे, एवढीच नम्र विनंती.