मामूंना दाखवलेली मुंबई

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या प्रत्येकाला एक बिनपगारी नोकरी असते, गाइडची. गावाकडून पाहुणे येतात. त्यांना गेटवे दाखवायचा, राणीच्या बागेत फिरवायचं, हाजी अलीला न्यायचं, मरीन ड्राइव्हवर शेंगदाणे खात बसवायचं. ही सगळी मुंबई आमच्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब. परतीच्या गाडीत घामाघूम झालेले पाहुणे विचारतात, ''आणि तुमच्याकडं बघण्यासारखं काय आहे?'' अंधेरीत तीस वर्षं काढूनही मी या प्रश्नाला 'बिल्डिंगा' एवढंच उत्तर देत असे. मागच्या हिवाळ्यात मिरजेहून माझे मामू आले आणि मी त्यांना चार दिवस फक्त उपनगर दाखवत राहिलो. त्याला कारण होतं, आणि ते माझ्या भित्रेपणाशी संबंधित आहे.

मामू टेलर आहेत. पंचाहत्तरी आली, गुडघे गेले, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. १ ऑगस्ट १९८०च्या सकाळी मी त्यांच्या दुकानात काजं-बटणं करत बसलो होतो. दहा वर्षांचा असेन. रमजान चालू होता. ईदची शिलाई अंगावर आलेली, दुकानात न कापलेल्या कापडांचे ढीग. रेडिओवर बातमी लागली, आदल्या रात्री मोहम्मद रफी गेले. मामूंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि तो हात बराच वेळ तिथंच राहिला. ''आज मुंबईला जायला पाहिजे होतं,'' ते म्हणाले. पण लोकांना शब्द दिलेला. ईदच्या दिवशी एखादं पोर जुन्या कपड्यात दिसलं असतं तर? ''ईद होऊ दे, मग जाऊन फातिहा पढून येऊ.'' ती ईद झाली, पुढची झाली. लेकींची लग्नं झाली, मुमानीचं आजारपण झालं. पंचेचाळीस वर्षं अशी गेली. मग एक दिवस फोन आला, ''महालक्ष्मीचं तिकीट काढलंय. रफीसाहेबांच्या कबरीवर ने. बाकी मुंबई नाही दाखवलीस तरी चालेल.''

अडचण अशी होती की रफीसाहेबांची कबर आता दिसत नाही. जुहूच्या कब्रस्तानात ती होती. २०१० साली नव्या दफनांना जागा पुरेना, तेव्हा तिथली जुनी बांधकामं काढली गेली. रफी, मधुबाला, साहिर लुधियानवी, सगळ्यांची. मला हे ठाऊक होतं. फोनवरच सांगायला हवं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. म्हटलं, येऊ देत, मग सांगू.

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी दादरला येते. मिरज-पुण्याकडून येणाऱ्यांसाठी इथं थोडं कामाचं सांगून ठेवतो. मुलुंड किंवा घाटकोपरला जायचं असेल तर दादरपर्यंत येऊच नका, ठाण्याला उतरून स्लो लोकल पकडा. अंधेरी-बोरिवलीला जायचं असेल तर दादरला उतरून पूल चढा आणि पश्चिम रेल्वेच्या फलाटांवर या. पूर्वी दादरला एक नंबरचा फलाट दोन्ही रेल्वेंकडे असायचा आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३पासून नंबर सलग झालेत, एक ते सात पश्चिम रेल्वे आणि आठपासून चौदापर्यंत मध्य. सकाळची मोठी गर्दी दक्षिणेकडं, ऑफिसांकडं वाहत असते. उपनगर बघायला निघालेला माणूस उलट्या दिशेनं जातो, त्यामुळे त्याला निदान श्वास घेता येतो. संध्याकाळी मात्र बोरिवलीला जाताना विरार फास्टमध्ये चढू नका. बोरिवलीला उतरू देतील याची खात्री नाही.

आणि पत्ता विचारताना आधी ईस्ट की वेस्ट ते विचारा. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाची दोन गावं असतात आणि चुकीच्या बाजूला उतरलात तर अर्धा तास गेला. अंधेरीची ही दोन गावं जोडणारा गोखले पूल नोव्हेंबर २०२२मध्ये बंद झाला आणि मे २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. मधे अर्धा पूल तयार झाला तेव्हा कळलं, की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नाही. पुढं ते जुळवलं. रिक्षातून जाताना हे मामूंना सांगितलं, तर ते म्हणाले, ''माप न घेता कापड कापलं की असंच होतं.''

पहिल्या दिवशी सकाळीच मामूंनी टोपी-शेरवानी बाहेर काढली. मी म्हटलं, ''मामू, आज मेट्रो बघू.'' वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो, ८ जून २०१४ला सुरू झालेली. साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, बारा स्टेशनं. त्याआधी अंधेरीहून घाटकोपरला जायचं म्हणजे ३४० नंबरची बस, आणि सायंकाळी दीड तास धरून चालायचं. आता वीस-बावीस मिनिटं लागतात. स्टेशनांना लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांनी ती शोधावी. असल्फा आलं की डोंगरउतारावरच्या झोपड्यांचे रंगवलेले पत्रे नि भिंती दिसतात. स्वयंसेवकांनी ती वस्ती रंगवली. लोक गाडीतून फोटो काढतात. मामूंनी मात्र वेगळंच विचारलं, ''पाणी वर कसं चढवतात?''

घाटकोपरला मी त्यांना पश्चिमेला चिरागनगरात नेलं. कुठल्या सहलीच्या बसमध्ये हे ठिकाण नसतं. पण मराठीत चार ओळी लिहिणाऱ्या माणसाला मुंबईतलं पहिलं स्थळ विचाराल तर मी हेच सांगेन. इथल्या झोपडीत अण्णाभाऊ साठे राहिले, इथं बसून त्यांनी लिहिलं. १९५९ची 'फकिरा' घ्या किंवा त्यांच्या कथांतली मुंबई घ्या, ती या बोळांतून वर आलेली आहे. वाटेगाव आमच्याच सांगली जिल्ह्यातलं. लहानपणी अण्णाभाऊ घरच्यांबरोबर तिथून चालत मुंबईला आले, हे सांगितल्यावर मामू थांबले. ''चालत? वाळव्याहून?'' मग त्यांनी बोळातल्या एका पायरीवर बसून घेतलं. समोरच्या दारातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तुम्ही कुठले, कुणाकडं आलात वगैरे चौकशी झाली. आम्ही म्हटलं, अण्णाभाऊंकडं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शेरवानी. मी म्हटलं, ''आज लेणी बघू, उद्या सोमवार, बंद असतात.'' एवढं तरी खरं होतं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. अंधेरीहून लोकलनं बोरिवलीला जाता येतं, पण मामूंसाठी मी मेट्रो निवडली. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनवरून पुलानं गुंदवलीला जायचं आणि तिथून सातव्या मार्गिकेनं थेट राष्ट्रीय उद्यान. फाटकापासून कान्हेरी पाच-सहा किलोमीटर आत आहे, तिथवर उद्यानाची बस जाते. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. पिशवीत केळी नेऊ नका. माकडं हुशार आहेत.

शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी बघायला पाय हवेत. मामूंनी पहिल्या काही पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यातला चैत्य गाठला आणि खांबाला टेकून बसले. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू इथं राहू लागले आणि हजारभर वर्षं ही वस्ती टिकली. लेण्यालेण्याला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. पावसाचं पाणी पन्हळीतून आत यायचं. असल्फ्याला मामूंनी विचारलेला प्रश्न इथल्या लोकांनी असा सोडवला होता. ही लेणी खोदायला पैसे कुणी दिले तेही भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे लोक. व्यापारी, सोनार, लोहार.

''शिंपी?'' मामूंनी विचारलं.

''असेल मामू,'' मी म्हटलं. सगळे लेख मी थोडेच वाचलेत!

मला स्वतःला आवडणारी गोष्ट वरच्या बाजूच्या नव्वदाव्या लेण्यात आहे. तिथवर मामू येऊ शकत नव्हते म्हणून बसल्या जागी सांगितली. इ.स. १००९मध्ये आणि पुन्हा १०२१मध्ये काही पारशी मंडळी कान्हेरी बघायला आली होती. त्यांनी पहलवी लिपीत तारीख घालून आपली नावं भिंतीवर कोरून ठेवली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या उपनगरात पाहुणे येत होते आणि भिंतीवर नाव लिहायची खोड तेव्हाही होती. मामू हसले नाहीत. ''आणि ती नावं अजून आहेत?'' एवढंच म्हणाले. मी 'हो' म्हटलं आणि चपला शोधायला लागलो.

तिसऱ्या दिवशी गिल्बर्ट हिल. अंधेरी पश्चिमेला दाटीच्या वस्तीत मधोमध दोनशे फुटांचा काळा कातळ सरळ उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, खांबासारख्या उभ्या पट्ट्यांचा. माथ्यावर गावदेवीचं मंदिर, वर जायला कातळातल्या पायऱ्या. आम्ही खालूनच मान वर करून बघितला. मुलुंडचं कालिदास नाट्यगृह मला दाखवायचं होतं, तिथं मी एकदा कविता वाचल्या होत्या. पण मुलुंड अंधेरीहून फार आडवं पडतं आणि माझ्या कविता मामूंनी तशाही ऐकलेल्या आहेत. संध्याकाळी रिक्षानं जुहू चौपाटीवर गेलो. रिक्षा उपनगरभर मीटरनं मिळते, पण वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात जात नाही, हे पाहुण्यांनी ध्यानात ठेवावं.

वाळूत बसल्यावर मामूंनी विचारलं, ''कब्रस्तान इथून किती लांब?''

जवळच होतं. मग मी सगळं सांगितलं. २०१०चं, जागेचं, आणि तीन दिवस मी त्यांना का फिरवत होतो तेही. मामू समुद्राकडं बघत राहिले. एक भेळवाला येऊन गेला. दुसरा आला.

''आपल्या अब्बांची कबर तरी कुठं दिसते?'' शेवटी ते म्हणाले. ''लिंबाच्या बुडाशी, म्हणून आपण जातो. कच्ची माती, ती बसतेच. इथं झाड कुठलं आहे?''

''नारळ आहे म्हणतात. चाहते जयंतीला, पुण्यतिथीला येतात ते त्याच खुणेवर.''

''मग तीन दिवस कशाला घालवलेस?''

सकाळी आम्ही गेलो. शेरवानी होतीच. आतमध्ये नारळाची झाडं एकापेक्षा जास्त. माती सारखी करणाऱ्या एका तरुणानं एक दाखवलं, तर पलीकडं बसलेल्या म्हाताऱ्यानं मान हलवून दुसरं दाखवलं. मामूंनी म्हाताऱ्याचं ऐकलं. कदाचित वयाकडं बघून. उभं राहून त्यांनी फातिहा पढली. मग साहिरसाठी, मधुबालासाठी आणि 'इथं जे कुणी असतील त्यांच्यासाठी' म्हणून आणखी एकदा. मला वाटलं होतं ते रडतील, निदान एखादी ओळ गुणगुणतील. तसं काही झालं नाही. त्यांनी खिशातून मापाची डायरी आणि पेन्सिल काढली आणि मला म्हणाले, ''फाटकापर्यंत माझ्याबरोबर चल. बोलू नको, पावलं मोजतोय.''

फाटकापासून किती पावलं, कुठं वळायचं, भिंत कुठल्या हाताला, सगळं त्यांनी सदऱ्याचं माप लिहावं तसं लिहून घेतलं. तो आकडा मी इथं सांगत नाही. पावलं गुडघे दुखणाऱ्या माणसाची आहेत, तुमची जुळायची नाहीत.

त्या रात्री दादरला मी त्यांना महालक्ष्मीत बसवून दिलं. परवा त्यांचा फोन आला होता. मिरजेतले त्यांचे एक दोस्त पुढच्या महिन्यात मुंबईला येतायत, त्यांना तिथं जायचंय. ''पावलं मी त्यांना लिहून दिलीत,'' मामू म्हणाले. ''तू फक्त दादरला घ्यायला जा. आणि सोमवारी लेण्यांना नेऊ नको.''