मोटारीचा ॲल्युमिनियमी पत्रा

घरातील जर्मनचे पातेले ओट्यावरून खाली पडले की त्यास पोचा पडतो, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. लोक त्यास जर्मन म्हणत असले तरी तो धातू ॲल्युमिनियमच होय. इतक्या मऊ धातूची मोटार कोणी करील काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आल्यास नवल नाही. शुद्ध ॲल्युमिनियमची मोटार कोणी करीतही नाही. मॅग्नेशियम, सिलिकॉन, क्वचित तांबे यांचा अल्प अंश मिसळून मिश्रधातू तयार करतात, तो लाटून पत्रा काढतात आणि त्या पत्र्याचे दरवाजे, बॉनेट, छप्पर घडवितात. असे मिश्रधातू अनेक आहेत. त्यांतला सर्वांत बळकट पत्रा आणला की काम झाले, असे मात्र नाही.

प्रथम वजनाचा हिशेब पाहावा. ॲल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते. यावरून मोटारीचे अंगही तितकेच हलके होईल असे वाटते; पण तसे घडत नाही. पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियमचा ताठपणाही एकतृतीयांशच भरतो. तेव्हा जेथे 0.7 मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा पुरतो, तेथे सारखाच ताठपणा हवा असल्यास ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे 1 मिलिमीटर जाड घ्यावा लागतो. वजा-जमा करता वजन निम्म्यावर येते. हा लाभही काही थोडा नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. प्रेसमध्ये साच्याखाली दाबताना पत्रा मऊ हवा, नाहीतर कोपऱ्यावर तो फाटतो. उलट तीच मोटार रस्त्यावर आल्यावर खडा लागून पोचा पडू नये म्हणून तो कठीण हवा. एकाच पत्र्याने सकाळी मऊ आणि सायंकाळी कठीण असावे, अशी ही मागणी आहे. ती मॅग्नेशियम व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूंनी पुरविली. चार आकडी वर्गीकरणात यांचे क्रमांक 6 ने आरंभ होतात. त्यांचा पत्रा कारखान्यात येतो तेव्हा मऊ असतो. पुढे रंग दिलेली मोटार भट्टीतून नेतात. तेथील 170 ते 185 अंश सेल्सिअसच्या उष्णतेत वीस-तीस मिनिटांत पत्र्याच्या पोटात अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि तो कठीण होतो. कुंभाराचे मडके चाकावर मऊ असते आणि आव्यात पक्के होते, तसाच हा प्रकार. रंग वाळविण्याचा खर्च तर करावयाचाच असतो. त्यातच पत्रा पक्का करण्याचे कामही उरकते.

मात्र हा पत्रा कोठारात पडून राहिला तरी हळूहळू कठीण होत जातो. म्हणून तो साधारणतः सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो. दरवाजाच्या बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर, साडीच्या काठास दुमड घालावी तशी, दुमडावयाची असते. जुना पत्रा तेथे तडकतो. तांब्याचाही असाच प्रश्न आहे. अमेरिकेत बहुत वापरलेल्या 6111 या मिश्रधातूत तांबे अधिक, म्हणून बळ अधिक; पण तांब्यामुळे रंगाखाली केसासारख्या बारीक रेषांनी गंज पसरण्याचे भय वाढते. युरोपातील कारखानदारांनी अल्प तांब्याचा 6016 पसंत केला. बळ थोडे कमी घेतले आणि कांती राखली.

क्रमांक 5 ने आरंभ होणाऱ्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंना भट्टी कठीण करीत नाही, पण ते दाबास फार चांगले वळतात. दाबताना त्यांच्या पृष्ठभागावर वळ उमटतात आणि ते रंगातूनही दिसतात, म्हणून त्यांची जागा आतल्या बाजूस. तेथेही एक पथ्य आहे. मॅग्नेशियम शेकडा 3 च्या वर गेले आणि पत्रा दीर्घकाळ सुमारे 65 अंशांहून अधिक तापत राहिला, तर क्षरणाने तडे जाण्याचा धोका उद्भवतो. यास्तव यंत्राच्या जवळ सुमारे 3 टक्क्यांचा 5754 घेतात आणि साडेचार टक्क्यांचा 5182 दूर ठेवतात.

धातूचे गुण इतके पाहिले तरी निवड पुरी होत नाही, याचा अनुभव फ्रान्समधील पानार या जुन्या कंपनीस आला. तिने 1953 मध्ये डायना झेड ही ॲल्युमिनियमच्या अंगाची मोटार जगापुढे मांडली. सहा माणसे बसत आणि लहानशा यंत्रावर ती चांगली धावे. परंतु खर्च काढताना तयार मोटारीत जाणाऱ्या पत्र्याचीच किंमत धरली गेली, असे सांगतात. साच्याभोवती कापून उरणाऱ्या कातरणाचा तोटा कोणी मांडलाच नाही. खिडकीचे एक भोक कापले म्हणजे केवढा पत्रा वाया जातो, हे शिंप्यास विचारावे! पोलादात अशी चूक पचली असती. महाग ॲल्युमिनियमात ती पचली नाही. 1955 पासून कंपनी क्रमाक्रमाने पोलादाकडे वळली. मोटार जड झाली.

हा कातरणाचा प्रश्न फोर्ड कंपनीने वेगळ्या रीतीने हाताळला. तिने 2015 सालच्या एफ-150 या मालवाहू गाडीचे अंग ॲल्युमिनियमचे केले. गाडी 700 पौंडांपर्यंत हलकी झाली. तिला पत्रा पुरविणाऱ्यांत नोव्हेलिस ही कंपनी होती. हिंडाल्कोने ती 2007 मध्ये विकत घेतली. त्याच हिंडाल्कोचा अल्युमिनाचा कारखाना बेळगावास आहे, हे तेथील श्रोत्यांस सांगावयास नकोच. फोर्डच्या डिअरबॉर्न येथील कारखान्यात कातरण बारीक करून हवेच्या झोताने नळांतून ओढले जाते आणि जातवार निराळे करून पत्रा करणाऱ्याकडे परत जाते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळविण्यास नव्याने काढण्याच्या मानाने सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते. पण पाचाचे आणि सहाचे कातरण एकत्र झाले, तर त्या मिश्रणाचा पुन्हा बाहेरचा पत्रा सहसा होत नाही. ते ओतकामास जाते आणि त्याचा भाव उतरतो. म्हणून काही कारखानदार दरवाजाच्या आतला पत्राही मुद्दाम सहाच्याच जातीचा घेतात. आत पाचाचा पत्रा अधिक सहज वळला असता. पण मग कातरणाचे दोन ढीग वेगळे राखावे लागले असते.