लाईन गेली तर घरात काय हवे?



पऱ्ह्यांची तयारी आता तुमच्याकडे सुरू झाली असेल. बियाणे, खत, बांधीची दुरुस्ती यावर या कार्यक्रमात आपण नेहमीच बोलतो. आज शेतातले बाजूला ठेवून घरातले बोलू या. पावसाळ्यात लाईन जाते. कधी दोन तास जाते, कधी दोन दिवस, आणि वैनगंगेला पूर आला तर किती दिवस ते कोणीच सांगू शकत नाही. त्या वेळेसाठी घरात काय भरून ठेवावे, एवढाच आजचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचे? एक कंदील, एक माचीस, झाले काम. पण मंडळी, अंधार ही त्यातली लहान अडचण आहे. आपल्या घरात वीज आता फक्त दिव्याला लागत नाही. नळाचे पाणी टाकीत चढते ते विजेच्या मोटारीने. पीठ दळून येते ते विजेच्या चक्कीवर. आणि सर्वांत मोठी गोष्ट, धान भरडून तांदूळ होतो तोही विजेवरच्या मिलमध्ये. ढोलीत दहा पोती धान आहे आणि चुलीवर चढवायला तांदूळ नाही, अशी पाळी भाताच्या या जिल्ह्यात येऊ शकते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण खरे आहे. आपल्या आजीच्या काळी घरात उखळ-मुसळ होते, जाते होते. लाईन गेली काय आणि आली काय, तिच्या घरी भात शिजत होता. आज जाते असले तरी ते कोपऱ्यात, आणि दळायची सवय कोणाला उरली आहे?

२००५ नंतरची काही वर्षे आठवा. भारनियमन होते, गावात दिवसाचे कितीतरी तास लाईन नसायची. त्रास होताच, पण त्याला वेळापत्रक होते. अमुक वाजता येणार, तमुक वाजता जाणार, त्याप्रमाणे बायामाणसे दळण आणत, पाणी भरत. वादळाने झाड तारेवर पडते त्याला वेळापत्रक नसते. म्हणून तयारी आधी हवी, आणि ती मृग लागण्याच्या आत हवी. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. त्यानंतर रस्ते चिखलाचे होतात, रोवणीची घाई सुरू होते, मग मिलवर जायला कोणाला सवड?

हिशेब साधा आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलोच्या आसपास तांदूळ लागतो. पंधरा दिवसांचे तीस किलो धरा. १०० किलो धानाचा साधारण ६५ किलो तांदूळ निघतो, म्हणजे पन्नास किलो धान भरडून आणले की पंधरा दिवसांची सोय झाली. यापेक्षा फार जास्त भरडून ठेवू नका. धान टरफलात टिकते, तांदळाला पावसाळी दिवसांत लवकर सोंडे लागतात. भरडलेला तांदूळ उन्हात न टाकता सावलीत वाळवा, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. ओला पाला टाकू नका, त्याने उलट बुरशी येते. गव्हाचे पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळून ठेवा. पावसाळ्यात ते लवकर कडवट होते आणि त्यात जाळे धरते.

तांदळाच्या जोडीला तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, गूळ हे आलेच. त्याशिवाय चूल पेटवता आली नाही तरी खाता येईल असे थोडे ठेवा: पोहे, मुरमुरे, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे. हे लहान मुलांसाठी विशेष. सुकलेली मासोळी घरात असतेच, ती डब्यात बंद ठेवा, नाहीतर मांजर आधी जेवते.

सरपण ओले झाले की तांदूळ असून उपयोग नाही. घरात गॅस आहे म्हणून गोवऱ्या आणि काड्यांकडे दुर्लक्ष करू नका. रस्ता बंद झाला की सिलेंडरची गाडीही येत नाही. आठ दिवसांचे सरपण छपराखाली, जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर रचा. जनावरांच्या तणशीचेही तसेच. माचीस घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, त्यात मूठभर कोरडा तांदूळ टाका, म्हणजे ओल धरत नाही.

आता पाण्याचे. पिणे आणि रांधणे यासाठी माणशी दिवसाला पाच लिटर धरा. पाच माणसांचे तीन दिवसांचे ७५ लिटर झाले. आभाळ भरून आले, वारा सुटला, की आधी गुंड, माठ, टोपले झाकून भरून ठेवायचे, मग वाळलेले कपडे काढायचे. पण बैलाला दिवसाला तीस-चाळीस लिटर लागते, दुभत्या म्हशीला साठच्या वर लागते, ते माठात मावणार नाही. त्यासाठी गावातली विहीर आणि हातपंप आताच पाहून घ्या. किती विहिरींवर आज चाक शिल्लक आहे? दोर कुजला आहे का? हातपंप दोन मिनिटे हापसल्यावर पाणी येते की नुसता आवाज येतो? हे मे महिन्यात कळले तर ग्रामपंचायतीला सांगून दुरुस्ती होते. पुराच्या रात्री कळून फायदा नाही. गावात कोणाच्या शेतावर सौर पंप असेल तर तो दिवसा उन्हावर चालतो, त्याला लाईन लागत नाही. त्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवा, जनावरे पाण्यावर नेता येतील.

पुराचे पाणी विहिरीत शिरले तर ते तसे पिऊ नये. तुरटी फिरवल्याने पाणी नितळ होते, जंतू मरत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. खळखळ उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळू द्या, थंड करून झाकून ठेवा. आशाताईंकडून पाण्यात टाकायचे औषध मिळाले तर त्यावर लिहिलेले प्रमाण मोजून वापरा. हगवण लागलीच, तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा. साखर-मिठाचा डबा भरलेला असण्याचे हेही एक कारण.

ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दिवसांत काय झाले ते जिल्ह्याने पाहिले आहे. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, गोसेखुर्दची सर्व ३३ दारे उघडावी लागली, भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी घुसले. इकडे पाऊस फारसा नसतानाही वरच्या पाण्याने पूर येतो, हे तेव्हा अनेकांना नव्याने कळले. अशा वेळी खांब आणि रोहित्र पाण्यात उभे असतात. लाईन चालू ठेवली तर पाण्यात करंट उतरेल, म्हणून ती बंदच ठेवावी लागते, आणि पाणी उतरल्यावरही तपासणी झाल्याशिवाय सोडता येत नाही. त्यामुळे नदीकाठच्या मंडळींनी वर सांगितलेले सर्व भरावे, पण जमिनीवर ठेवू नये. माळ्यावर, मचाणावर, उंच फळीवर ठेवावे. भरलेली कोठी जमिनीवर राहिली तर सगळी बेगमी एका रात्रीत भिजते. घर सोडावे लागले तर उचलून नेण्यासाठी एक पिशवी वेगळी करा: पोहे-गूळ, औषधे, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पुस्तक, सर्व प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

आता दिव्यावर येऊ. रेशनचे रॉकेल पूर्वीसारखे मिळत नाही, तेव्हा कंदिलाच्या भरवशावर राहू नका. चार्जिंगचा एक बल्ब आणि सेलवर चालणारी एक बॅटरी घरात हवी. सेल बॅटरीतून काढून वेगळे ठेवा, आत राहिले तर पाझरून बॅटरी खराब करतात. मोबाईलचा दिवा जाळून मोबाईल संपवू नका, तो दवाखान्यात फोन करायला लागेल. आणि सेलवर चालणारा रेडिओ असेल तर पुराची सूचना त्यावर ऐकता येते, टॉवर बंद पडला तरी.

बॅटरी कशासाठी, तर सापासाठी. पावसाळ्यात बिळात पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधत घरात येतो. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि पुष्कळदा चावल्याचे दुखतही नाही. म्हणून या दिवसांत खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, बॅटरी उशाशी ठेवा. पाय खाली ठेवण्याआधी उजेड पाडा. सरपण घरात आणताना काठीने हलवा. साप चावलाच तर चिरू नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तो हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या. विषावरची लस तिथेच असते.

ज्या घरात साखरेच्या आजाराचे इन्सुलिन घेणारे कोणी आहे, तिथे फ्रीज बंद पडल्यावर काय करायचे? इन्सुलिनची बाटली कोरड्या डब्यात बंद करा, तो डबा लहान मडक्यात ठेवा, ते मडके ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात ठेवून वर ओले फडके टाका. बाटलीला पाणी लागू नये. गोळ्या कोणत्याही असोत, पंधरा दिवसांच्या पुढच्या आणून ठेवा.

शेवटी मोटारीबद्दल एक सांगायचे राहिले. पंपाच्या पेटीला आपोआप चालू होण्याची सोय केलेली असेल तर लाईन गेल्यावर ती बंद करूनच विहिरीत उतरा किंवा मोटारीला हात लावा. लाईन सांगून येत नाही. तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, जनावरे दूर बांधा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा. हे दोन्ही क्रमांक, १०८ आणि १९१२, आजच खडूने मीटरजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या शाळकरी पोरालाही सापडतील.