ताटावरचा रुसवा

(शिरूर अनंतपाळ येथील ज्ञातिमंडळाच्या महिला मेळाव्यातील भाषण)



मुले घरचे जेवत नाहीत, ही तक्रार आज घरोघरी आहे. मग दुकानातला पुडा येतो. पैसा जातो, पोट मात्र उपाशीच राहते.

येळवशीला तीच मुले शेतात भज्जी मागून मागून खातात. वांगे, मेथी, तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे हे घरी बाजूला सारलेले सारे तीत असतेच! परंतु तेथे भाजी एकजीव होते, भूक खरी असते व पंगत एक असते. या तिन्ही गोष्टींस खर्च नाही.

रात्रीसाठी दोन पदार्थ सुचविते. एक वाटी तूरडाळीच्या सैल वरणात दोन वाट्या कणकेच्या चकोल्या शिजवाव्यात. चिंच-गुळाने त्यांस गोडी येते. दुसरे, बारीक चिरलेली मेथी ज्वारीच्या व थोड्या हरभऱ्याच्या पिठात मळून धपाटी लावावीत. धान्यात उणे असणारे लायसिन डाळ पुरविते. म्हणून ही जोड स्वस्त तशीच सकस.

१९७२ च्या दुष्काळात मिलोची भाकरी खाल्लेल्यांस अन्नाचे मोल सांगावे लागत नाही. मुलांस ते धाकाने कळणार नाही. त्यांना मेथी निवडू द्यावी, पीठ मळू द्यावे. स्वतः केलेले सहसा टाकवत नाही.

शेवटची विनंती भगिनींना. मुलांनी टाकलेले खाऊन आपले जेवण उरकू नका. आपलेही ताट त्याच पंगतीत मांडा. आई जे आवडीने खाते, ते मूल आज ना उद्या चाखून पाहतेच.