परत बोलावू नका
(अक्कलकुवा येथील मेळाव्यात केलेलं भाषण)



मोलगीच्या डोंगरातली मुलगी बारावीनंतर धुळ्याला, नाशिकला शिकायला जाते. घरी भिली किंवा पावरी, शाळेत मराठी, आणि आता वर्गात इंग्रजी! ती गप्प बसते. लोक म्हणतात, कच्ची आहे. अहो, ती तिसऱ्या भाषेत शिकते आहे!

मग राहण्याचा प्रश्न. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर आदिवासी मुलामुलींसाठी २०१६ पासून स्वयम् योजना आहे. जेवणाखाणाचे, खोलीचे पैसे बँकेच्या खात्यात येतात. पण हप्ता लांबला, तर भावासाठी उसनवारी होते आणि मुलीला मात्र ‘ये परत’ असा निरोप का जातो? हा प्रश्न आपण आपल्याच घरात विचारायचा आहे.

मुलींनो, कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. तिच्यात कोण आहे, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. त्रास झाल्यावर शोधाशोध नको.

आणि शहरातल्या गटांनो, भाषणं पुरे. पहिले सहा महिने एकेका मुलीची एकेक ताई व्हा.

घरची आठवण येणारच. काठीच्या होळीला जरूर या, ढोलावर नाचा. आणि दुसऱ्या दिवशीची एस.टी. पकडा!